आय-रियल प्रो: जॅझ कॉर्ड नव्याने शिकणाऱ्यासाठी किती कामाचं?

जॅझ गिटार शिकायला घेतली की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी हाती येतात. एक म्हणजे शेकडो कॉर्ड्सच्या आकृत्या छापलेला तक्ता, आणि दुसरी म्हणजे आय-रियल प्रो हे ॲप. तक्त्याचं परीक्षण एका ओळीत उरकतं: गुंडाळून कपाटावर ठेवा. ॲपबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. ते चांगलं आहे, पण नवशिके ज्या कामासाठी ते घेतात त्या कामासाठी ते बनवलेलंच नाही. साथीदार म्हणून दहापैकी नऊ गुण, शिक्षक म्हणून तीन. ते तीनही जरा सढळ हाताने.

आधी ते करतं काय ते पाहू. पडद्यावर चौकोनांच्या ओळी येतात, प्रत्येक चौकोन म्हणजे एक बार, म्हणजे मात्रांचा एक गट, आणि त्यात कॉर्डचं चिन्ह. प्ले दाबलं की बास, ड्रम आणि पियानो किंवा गिटार त्या चिन्हांवरून वाजू लागतात. हे कुणा वादकांचं ध्वनिमुद्रण नसतं. चिन्हं वाचून ॲप साथ तिथल्या तिथे रचतं, त्यामुळे टेम्पो अर्ध्यावर आणला किंवा पट्टी बदलली तरी आवाज बिघडत नाही. स्विंग, बॅलड, बोसा नोव्हा, वॉल्ट्झ, जिप्सी जॅझ असे साथीचे बरेच प्रकार सोबत येतात. आणखी प्रकारांचे संच वेगळे विकत मिळतात, त्यांची नवशिक्याला काडीचीही गरज नाही. मीडियम स्विंग आणि बोसा नोव्हा या दोघांवर पहिलं वर्ष आरामात निघतं.

ॲपमधल्या गाण्यांच्या या तक्त्यांत सुरावट नसते, फक्त कॉर्ड्स असतात. सुरावटीवर स्वामित्व हक्क असतो, कॉर्डच्या नुसत्या क्रमावर सहसा नसतो, हे त्यामागचं कारण. व्यवहारात याचा अर्थ असा की गाणं तुम्हाला आधीच गुणगुणता यायला हवं. ते येत नसेल तर समोरचे ३२ बार म्हणजे नुसती चौकोनांची रांग.

आता मुख्य तक्रार. ॲपमध्ये प्रत्येक कॉर्डची गिटारवरची आकृती पाहायची सोय आहे, आणि नवशिका सगळ्यात आधी तीच चालू करतो. तिथेच गाडी रुळावरून घसरते. आकृती एका कॉर्डचं उत्तर देते. जॅझमध्ये प्रश्न दोन कॉर्ड्सच्या मधला असतो: या कॉर्डवरून त्या कॉर्डवर जाताना कोणतं बोट जागचं हलणार नाही आणि कोणतं एकाच फ्रेटने सरकणार? कॉर्डकोश छापील असो की ॲपमधला, प्रत्येक कॉर्ड सुटी सुटी दाखवतो. तिच्या मागेपुढे काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. परिणाम असा की हात तिसऱ्या फ्रेटवरून आठव्यावर, तिथून पहिल्यावर अशा उड्या मारतो, आणि मीडियम स्विंगच्या चौथ्या बारला साथ पुढे आणि तुम्ही मागे.

तेव्हा आकृत्या बंद करा. त्यांच्या जागी सहा आकार पाठ करायचे आहेत, आणि त्यासाठी ॲप लागत नाही.

जॅझवाले यांना शेल म्हणतात, म्हणजे कॉर्डचं नुसतं कवच. सरगमच्या भाषेत सांगायचं तर सा, ग आणि नि, बस्स. पंचम गाळायचा. इथे सा म्हणजे गाण्याचा नाही, त्या त्या कॉर्डचा. कॉर्ड बदलली की सा बदलला. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. शुद्ध ग आणि शुद्ध नि म्हणजे मेजर सेव्हन. शुद्ध ग, कोमल नि म्हणजे नुसतं सेव्हन, ज्याला डॉमिनंट म्हणतात. दोन्ही कोमल म्हणजे मायनर सेव्हन. पंचम या तिन्हींत तोच असतो. तो वाजवून ऐकणाऱ्याला नवी काही माहिती मिळत नाही आणि एक बोट मात्र अडकून पडतं.

खालचे आकडे फ्रेटचे आहेत, सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेपासून पहिल्या तारेपर्यंत. × म्हणजे ती तार गप्प.

सा सहाव्या तारेवर:
जी मेजर सेव्हन: ३ × ४ ४ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
जी मायनर सेव्हन: ३ × ३ ३ × ×

सा पाचव्या तारेवर:
सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×
सी सेव्हन: × ३ २ ३ × ×
सी मायनर सेव्हन: × ३ १ ३ × ×

सा नेहमी मध्यमेवर ठेवा, सहाही आकारांत. पहिल्या गटात अनामिका आणि करंगळी अनुक्रमे चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर येतात. मायनर सेव्हनमध्ये एकट्या अनामिकेने दोन्ही तारा आडव्या दाबल्या तरी चालतं. दुसऱ्या गटात तर्जनी चौथ्या तारेवर, आणि तिसऱ्या तारेवर मेजरला करंगळी, बाकी दोघींना अनामिका. सी मायनर सेव्हनमध्ये तर्जनी आणि मध्यमा यांच्यात एक फ्रेट मोकळा राहतो. हा ताण सुरुवातीला मनगटापर्यंत जातो. अंगठा मानेच्या वर डोकावत असेल तर तो मागे, मानेच्या मधोमध आणा. ताण बराच उतरतो. तरीही जड जात असेल तर हाच आकार आधी आठव्या फ्रेटवर बसवा, तिथे फ्रेट जवळजवळ असतात.

पहिल्या गटातली हमखास चूक म्हणजे पाचवी तार वाजणं. जी सेव्हन धरून जाड तारेपासून खाली पिक ओढलं की मोकळ्या पाचव्या तारेचा ए मध्ये घुमतो आणि कॉर्ड गढूळ होते. उपाय एकच: मध्यमेचं टोक सहाव्या तारेवर किंचित कललेलं ठेवायचं, म्हणजे तिचा पुढचा भाग पाचव्या तारेला नुसता टेकतो. दाबायचं नाही, टेकवायचं. तपासण्यासाठी पाचवी तार एकटी वाजवून पाहा. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला पाहिजे. पहिली आणि दुसरी तार तळव्याच्या बाजूला टेकलेल्या बोटांनी आपोआप गप्प होतात, नसतील होत तर पिक तिसऱ्या तारेवर थांबवायला शिका.

आता या आकारांची खरी गंमत. सी पट्टीतला दोन-पाच-एक हा क्रम घ्या, म्हणजे पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड्स: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. जॅझच्या जुन्या गाण्यांत हा क्रम इतक्या वेळा येतो की तो बसला की अर्धं गाणं बसलं असं समजायला हरकत नाही.

डी मायनर सेव्हन: × ५ ३ ५ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×

फक्त चौथी आणि तिसरी तार पाहा. चौथ्या तारेवर ३, ३, २. तिसऱ्या तारेवर ५, ४, ४. दर बदलात एक स्वर जागचा हलत नाही आणि दुसरा एका फ्रेटने खाली उतरतो. पहिल्या कॉर्डचा ग हाच दुसऱ्या कॉर्डचा नि होतो, आणि दुसरीचा ग तिसरीचा नि होतो. कॉर्डकोशातल्या आकृत्यांत ही साखळी तुम्हाला दिसणार नाही, कारण ती आकृतीत नसतेच.

सहाव्या तारेवरून सुरू करायचं तर जी पट्टीत: ए मायनर सेव्हन ५ × ५ ५ × ×, डी सेव्हन × ५ ४ ५ × ×, जी मेजर सेव्हन ३ × ४ ४ × ×. पुन्हा तेच, एक थांबतो आणि एक उतरतो.

इथून पुढे ॲपचं काम सुरू होतं, आणि इथे ते खरोखर सरस आहे. नेहमीच्या कॉर्ड-क्रमांचे ५० तयार सराव त्यात मिळतात, दोन-पाच-एक त्यांतच आहे. ते उघडा आणि प्ले दाबण्याआधी चार गोष्टी जागच्या जागी लावून घ्या.

मिक्सरमध्ये पियानो आणि गिटार शून्यावर. बास आणि ड्रम तेवढे ठेवा. पियानो चालू राहिला तर तुमची चुकलेली कॉर्डही बरोबर वाटते, कारण बरोबर कॉर्ड पियानो वाजवत असतो. ॲप वापरूनही महिनोन्महिने प्रगती न होण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि ते कुणाच्या चटकन लक्षात येत नाही.

हेडफोन लावा. फोनच्या छोट्या स्पीकरमधून बासचे खालचे स्वर बाहेरच येत नाहीत. बास ऐकू आला नाही की आपण नकळत सहाव्या तारेवर जोर देतो, आणि मग खऱ्या बासवादकासोबत वाजवताना दोघांचा खालच्या पट्ट्यात गोंधळ होतो.

टेम्पो १०० च्या आसपास. नवशिक्याला ५० किंवा ६० वर वाजवायला सांगतात, पण स्विंग इतका संथ केला की त्याचा झोकच निघून जातो आणि दोन मात्रांमधली पोकळी सांभाळणं उलट अवघड होतं. टेम्पो कमी करण्यापेक्षा ठोके कमी करा. पहिल्या दिवशी प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर एकच ठोका, आणि उरलेल्या तीन मात्रा पुढच्या कॉर्डवर हात नेण्यासाठी. ते सहज जमलं की पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. मग चारही मात्रांवर. टेम्पो तोच, काम वाढत जातं.

चौथी गोष्ट म्हणजे आपोआप पट्टी बदलण्याची सोय. माझ्या मते ॲप घ्यावं ते यासाठीच. क्रमाच्या फेऱ्या होत जातात तसतशी पट्टी ठरावीक अंतराने सरकवता येते. हे अंतर पाच सेमीटोन (म्हणजे पाच फ्रेट) वर ठेवा, म्हणजे सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट असा चौथ्या स्वरांचा फेरा मिळतो. सीमध्ये डी मायनर पाचव्या तारेवर होता. एफमध्ये जी मायनर सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मग सी सेव्हन पाचव्या तारेवर तिसऱ्याच फ्रेटला, मग एफ मेजर सेव्हन १ × २ २ × ×. बी फ्लॅटला आलात की जागा संपते, मोकळ्या तारा मध्ये येऊ लागतात. तिथे हात सरळ वर न्या: सी मायनर सेव्हन ८ × ८ ८ × ×, एफ सेव्हन × ८ ७ ८ × ×, बी फ्लॅट मेजर सेव्हन ६ × ७ ७ × ×. बारा पट्ट्यांचा एक फेरा न अडखळता झाला की दोन्ही जाड तारांवरचे सगळे स्वर पाठ झालेले असतात, वेगळं घोकावं लागत नाही. टेम्पो आपोआप वाढवायची सोयही शेजारीच आहे. दोन्ही एकदम चालू करू नका. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची.

उजव्या हाताबद्दल ॲप अवाक्षर काढत नाही, म्हणून इथे थोडं. चार मात्रांवर चार ठोके ही जॅझ गिटारची सर्वांत जुनी साथ. जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत हेच करत आले. तीन तारा, कधी कधी तर प्रत्यक्षात ऐकू येणारी एकच, पण जागेवर. यातलं कौशल्य ठोक्यात कमी आणि सोडण्यात जास्त आहे. कॉर्ड वाजली की डाव्या हाताची बोटं उचलायची नाहीत, फक्त दाब सोडायचा. बोटं तारांना टेकलेलीच राहतात आणि आवाज तुटतो. बोटं उचलली तर मोकळ्या तारा झणझणतात. दुसरा आणि चौथा ठोका किंचित तोकडा आणि ठसठशीत ठेवला, तिथेच ड्रमची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) पडत असते, की स्विंग आपोआप चालायला लागतो.

दुसरा ठेका चार्ल्स्टनचा. पहिल्या मात्रेवर एक, आणि दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात एक. बाकी बार रिकामा. ‘एक, दोन-आणि’ असं मोठ्याने मोजत ‘एक’ला आणि ‘आणि’ला वाजवा. नवशिके दुसरा ठोका सरळ तिसऱ्या मात्रेवर नेऊन ठेवतात. मेट्रोनोमवर ही चूक लपते, ॲपच्या ड्रमसोबत लगेच उघडी पडते, कारण तिसरी मात्रा अजून आलेली नसते.

दोन-पाच-एक नंतर थेट गाण्याकडे न जाता बारा बारच्या ब्लूजकडे वळा, आणि तोही बी फ्लॅटमध्ये. सा सोडून दोनच तारा वाजवायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

बी फ्लॅट सेव्हन: ६ × ६ ७ × ×
ई फ्लॅट सेव्हन: × ६ ५ ६ × ×
एफ सेव्हन: × ८ ७ ८ × ×

पुन्हा चौथी आणि तिसरी तारच पाहा. बी फ्लॅटला ६-७. ई फ्लॅटला दोन्ही एकेक फ्रेट खाली, ५-६. एफला दोन्ही एकेक फ्रेट वर, ७-८. म्हणजे ब्लूजच्या तिन्ही कॉर्ड्स दोन बोटांचा एकच आकार: मधे, एक घर खाली, एक घर वर. सा बास वाजवतोच आहे. तर्जनी आणि मध्यमा एवढ्यांनीच अख्खा ब्लूज वाजतो, आणि तो अपुरा वाटत नाही. न पटल्यास वाजवून पाहा.

जॅझमधला ब्लूज तीन कॉर्ड्सवर थांबत नाही. ॲपमध्ये तो साधारण असा दिसेल: बी फ्लॅट सेव्हन, ई फ्लॅट सेव्हन, पुन्हा बी फ्लॅटचे दोन बार, पाचव्याला ई फ्लॅट सेव्हन, सहाव्याला ई डिमिनिश्ड, सातव्याला बी फ्लॅट, आठव्याला जी सेव्हन, नवव्याला सी मायनर सेव्हन, दहाव्याला एफ सेव्हन, शेवटच्या दोन बारांत बी फ्लॅट, जी, सी मायनर, एफ, प्रत्येकी दोन मात्रा. आठव्या बारचा जी सेव्हन तिसऱ्या फ्रेटवर घेऊ नका, दहाव्यावर घ्या: × १० ९ १० × ×. मग चौथ्या तारेवर ९, ८, ७, ६ अशी सरळ उतरंड बी फ्लॅटपर्यंत येते आणि तिसऱ्या तारेवर १०, ८, ८, ७. तिसऱ्या फ्रेटवर घेतलात तर हात पाच घरं उडी मारून परत येईल आणि ही उतरंड ऐकू येणार नाही.

सहाव्या बारच्या डिमिनिश्डसाठी आणि मायनर गाण्यांतल्या हाफ डिमिनिश्डसाठी मात्र तीन तारा पुरत नाहीत. तिथे पंचमच उतरलेला असतो, तोच त्या कॉर्डची ओळख, म्हणून तो गाळता येत नाही. सीवर हाफ डिमिनिश्ड × ३ ४ ३ ४ × आणि डिमिनिश्ड × ३ ४ २ ४ ×. जीवर ३ × ३ ३ २ × आणि ३ × २ ३ २ ×. फरक एकाच स्वराचा, कोमल नि आणि शुद्ध ध यांतला. वरच्या ब्लूजमधला ई डिमिनिश्ड म्हणजे × ७ ८ ६ ८ ×.

आता चिन्हांकडे. ॲप जॅझची आखूड लिपी वापरतं आणि नवशिका तिथे अडतो. आडवी रेघ म्हणजे मायनर. सी, रेघ, सात असं दिसलं की सी मायनर सेव्हन. छोटा त्रिकोण म्हणजे मेजर सेव्हन. गोल म्हणजे डिमिनिश्ड, तिरकी रेघ मारलेला गोल म्हणजे हाफ डिमिनिश्ड. तिरक्या रेघेनंतर दुसरं अक्षर असेल तर ते बासने वाजवायचं आहे, तुम्ही सुरुवातीला दुर्लक्ष करा. चौकोनाच्या वर लहान अक्षरांत दिसणारी कॉर्ड पर्यायी असते, तीही सोडून द्या.

मोठ्या आकड्यांना घाबरायचं कारण नाही. ९, ११, १३ काहीही दिसलं तरी आतला सांगाडा सेव्हनचाच आहे. सी तेरा दिसलं की सी सेव्हन वाजवा. सी मेजर नाइन दिसलं की सी मेजर सेव्हन. ‘ऑल्ट’ दिसलं तरी सी सेव्हनच. कॉर्ड फिकी वाजेल, चुकीची वाजणार नाही. अपवाद दोन. ‘सस’ दिसलं तर ग काढून त्या जागी म: सीला × ३ ३ ३ × ×, जीला ३ × ३ ५ × ×. आणि नुसता सहाचा आकडा दिसला तर नि नाही, शुद्ध ध: जीला ३ × २ ४ × ×. गाण्याच्या शेवटच्या बारला हा सहा बऱ्याचदा येतो, कारण सुरावट सावर थांबलेली असताना खाली शुद्ध नि वाजला की दोघांत अर्ध्या स्वराची करकर होते.

ॲपच्या उणिवा, ज्या जाहिरातीत दिसत नाहीत, त्या अशा. ते तुमचं वाजवणं ऐकत नाही. चूक झाली, लय सुटली, पाचवी तार घुमली, त्याला पत्ता नाही. म्हणून दुसऱ्या फोनवर रोज एक फेरी रेकॉर्ड करून ऐकावी लागते. गाण्यांचे तक्ते बहुतेक वापरकर्त्यांनीच तयार केलेले असतात आणि ते बाहेरून आत आणावे लागतात. एकाच गाण्याच्या दोन तक्त्यांत कॉर्ड्स वेगळ्या निघतात, कधी चुकून, कधी कुणीतरी मुद्दाम सजवून ठेवलेल्या. शंका आली की मूळ गाणं ऐका आणि बासचा स्वर पकडा, तो सहसा भांडण मिटवतो. प्रत्येक कॉर्डसाठी स्केल सुचवण्याची सोय आहे, ती सध्या बंदच ठेवा. आणि साथीचा ठेका कितीही नेटका असला तरी यंत्राचाच. ॲपमधल्या पियानोची नक्कल करून साथ शिकू नये, ती माणसांच्या रेकॉर्डिंगवरूनच शिकावी.

चालू बार उजळून दाखवणारा पडदा ही सोय आहे आणि कुबडीही. डोळे त्यावर खिळले की कान आपोआप सुट्टीवर जातात. एक क्रम पाच-सहा दिवस झाला की फोन पालथा ठेवून वाजवा. कुठे हरवता ते लगेच कळतं, बहुधा आठव्या बारला. मग तेवढेच बार निवडून ते फिरते ठेवायची सोय वापरा: सात ते दहा, वीस वेळा. पहिल्यापासून पुन्हा पुन्हा वाजवत राहिलात तर पहिले चार बार उत्तम होतात आणि शेवटचे चार कायम कच्चे राहतात. सराव करणाऱ्यांचे ब्लूज नेमके तसेच असतात.

रंग भरायची घाई नको, पण सहा आकार हाताला लागले की दुसरी तार मोकळी आहे हे लक्षात येतं. तिथे करंगळी किंवा अनामिका टेकवली की नाइन आणि थर्टीन मिळतात, नवा आकार शिकावा लागत नाही. डी मायनर सेव्हनमध्ये दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट (× ५ ३ ५ ५ ×), म्हणजे रे, की झाली मायनर नाइन. जी सेव्हनमध्ये तोच पाचवा फ्रेट (३ × ३ ४ ५ ×), म्हणजे ध, की झाली थर्टीन; इथे मात्र सा तर्जनीवर घ्या, म्हणजे करंगळी मोकळी होते. सी मेजरमध्ये तिसरा फ्रेट (× ३ २ ४ ३ ×), पुन्हा रे. वरची तार ५, ५, ३. आता मधल्या कॉर्डमध्ये पाचव्याऐवजी चौथा फ्रेट घ्या, शुद्ध धऐवजी कोमल ध: ३ × ३ ४ ४ ×. वर ५, ४, ३ अशी एक छोटी सुरावट तयार होते. तक्त्यात हिचं नाव जी सेव्हन फ्लॅट थर्टीन असं भारदस्त लिहिलेलं असतं. हातात ती एका बोटाची सरक आहे. मात्र ॲपमध्ये तिथे थर्टीन लिहिलेलं असेल आणि गायक किंवा सॅक्सोफोन शुद्ध ध धरून बसला असेल तर कोमल ध वाजवू नका, दोघे एकमेकांना चावतात.

बोसा नोव्हाला हेच आकार चालतात, पण पिक ठेवून बोटांनी. अंगठा सावर, तर्जनी आणि मध्यमा चौथ्या-तिसऱ्या तारेवर. पाचव्या तारेचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो, कारण तिला कुणी हातच लावत नाही. म्हणून पिकवर पाचवी तार गप्प करणं फारच जड जात असेल, तर पहिले दोन आठवडे बोसाच्या साथीवर काढायला हरकत नाही. टेम्पो तिथे १२० ठेवा.

ब्लूजचा बी फ्लॅट तक्ता दहा-बारा दिवसांनी पुन्हा उघडा. मिक्सरमध्ये या वेळी बासही शून्यावर आणा, नुसते ड्रम ठेवा, फोन पालथा. सा वाजवायचा नाही, चौथी आणि तिसरी तारच. सलग तीन फेऱ्या करून रेकॉर्डिंग ऐका. त्या दोन तारांवरून पाचवा बार कुठला आणि नववा कुठला हे ओळखता आलं, तर पियानो पुन्हा चालू करायला हरकत नाही.